रोबोटला ‘भाऊ’ म्हणता येत नाही

शाळेच्या गॅदरिंगमध्ये विज्ञाननाटिका असली की रोबोट येणारच. पुठ्ठ्याचं खोकं, वर चांदीचा कागद, छातीवर दोन लुकलुकते दिवे. पूर्वी आतला मुलगा नाकातून बोलायचा आणि काम भागायचं. आता कर्जत-खोपोलीकडेही एखाद्या ऑर्केस्ट्रावाल्या मित्राचा सिंथेसायझर येतो, त्यात व्होकोडर असतो, आणि रोबोट अगदी सिनेमातल्यासारखा बोलतो. टाळ्या पडतात. तो नेमकं काय बोलला, हे मात्र तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला कळलेलं नसतं.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: “रोबोट आहे ना, थोडं अस्पष्ट असणारच.”

आजची पोस्ट या उत्तराच्या विरोधात आहे. रोबोटचा आवाज निर्जीव वाटणं वेगळं आणि त्याचं बोलणं न कळणं वेगळं. पहिलं आपल्याला हवं असतं, दुसरं आपण उगाच पत्करतो. व्होकोडरची जी तयार मांडणी आपण चालू करतो, ती मराठीतली एक गोष्ट नेमकी टाकून देते: श्वास. आणि मराठीत श्वासाला अर्थ असतो. ‘भाऊ’मधला श्वास काढा, ‘बाऊ’ उरतो. रोबोट प्रेमानं “मी तुझा भाऊ” म्हणतो आणि पहिल्या रांगेतलं पोरगं घाबरतं.

पेटीत काय चालतं

माझं संशोधन पट्ट्यापट्ट्यांत चिरलेला आवाज माणसाला कसा कळतो यावर आहे, त्यामुळे व्होकोडर हे माझं रोजचं अवजार. त्याची कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या होमर डडलीची. त्याला संगीत करायचं नव्हतं. टेलिफोनच्या तारेवरून बोलणं कमी जागेत पाठवायचं होतं. त्यानं ओळखलं की बोलण्यात दोन वेगळी कामं चालतात. घसा आवाज पुरवतो, आणि जीभ-ओठ-जबडा त्याला आकार देतात. हा आकार घशाच्या कंपनांच्या मानानं फार सावकाश बदलतो. मग अख्खा आवाज कशाला पाठवायचा? आकाराची नोंद पाठवा, पलीकडे यंत्र दुसरा आवाज घेईल आणि त्याला तो आकार देईल.

ही नोंद अशी होते. माइकमधून आलेला आवाज खर्जापासून टिपेपर्यंत काही पट्ट्यांत विभागायचा. प्रत्येक पट्ट्यात या क्षणी जोर किती, एवढंच मोजायचं. दुसरीकडे सिंथचा आवाज, म्हणजे कॅरियर, तशाच पट्ट्यांत विभागायचा आणि प्रत्येक पट्ट्याचा आवाज माइकच्या त्या पट्ट्यातल्या जोराप्रमाणे कमी-जास्त करायचा. तुम्ही ‘आ’ म्हटलंत की सिंथ ‘आ’ म्हणतो. सूर मात्र तुमचा नसतो, तुम्ही पट्टी दाबाल तो असतो. माणसाचा सूर बोलताना सतत हलतो, दाबलेली पट्टी हलत नाही. रोबोटपणा येतो तो इथून.

हळदीच्या डीजेवर गाण्यात जो ‘रोबोट आवाज’ ऐकू येतो, तो बहुतेक वेळा ऑटोट्यून असतो. ऑटोट्यून गायकाचाच आवाज ठेवतं आणि त्याचा सूर जवळच्या स्वरावर ओढून बसवतं. व्होकोडर आवाजच बदलतो, फक्त तोंडाचा आकार ठेवतो. कर्जत स्टेशनवरची घोषणा तिसऱ्या प्रकारची: माणसानं रेकॉर्ड केलेले तुकडे एकामागे एक जोडलेले. सांधे ऐकू येतात, पण प्रत्येक तुकड्यात माणसाचा श्वास शाबूत असतो. म्हणून गर्दीतही ‘खोपोली’तला ख कानावर येतो.

डडलीनं ठेवलेलं, आपण काढलेलं

डडलीच्या व्होकोडरमध्ये पट्ट्यांखेरीज आणखी एक वाट होती. घसा आत्ता कंप पावतोय की नाही, आणि पावत असेल तर किती वेगानं, हे ती सांगायची. कंप असेल तर पलीकडचं यंत्र गुणगुण वापरायचं, नसेल तर फुसफुस. ‘आ’ला गुणगुण, ‘स’ला फुसफुस.

संगीतवाल्यांनी ही वाट बंद केली, कारण सूर त्यांना की-बोर्डवरून द्यायचा होता. वेंडी कार्लोसनं ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (1971) या चित्रपटासाठी बीथोवनची नववी सिम्फनी व्होकोडरमधून गाऊन घेतली. पुढे जर्मनीच्या क्राफ्टवेर्कनं 1978 च्या ‘द मॅन-मशीन’ या अल्बमनं रोबोटचा आवाज कसा असतो हे जगाच्या कानात पक्कं बसवलं. दोन्ही कामं मला आवडतात. पण ती गाणी आहेत. गाण्यात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि नाही कळले तरी चाल कळते. नाटकात वाक्य एकदाच येतं आणि पुढच्या वाक्याला त्याचा आधार लागतो. गाण्यासाठी घडलेली मांडणी आपण नाटकात जशीच्या तशी वापरतो, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार भाषेची. मराठीत एकाच जागी चार व्यंजनं उभी असतात: क, ख, ग, घ. प, फ, ब, भ. शाळेत आपण अल्पप्राण-महाप्राण पाठ केलेलं असतं. प्राण म्हणजे श्वास. ‘करा’ आणि ‘खरा’ यांत जीभ एकाच ठिकाणी टेकते. फरक एवढाच की ‘ख’ सुटल्यावर घसा लगेच कंप पावत नाही, मध्ये थोडा वेळ नुसती हवा जाते. आता व्होकोडरला बघू. त्या हवेच्या वेळात पट्ट्यांमध्ये थोडा जोर आहे एवढं त्याला कळतं. हवा आहे हे कळत नाही. तो सिंथची गुणगुण थोडी उघडतो. जिथे हवा हवी होती तिथे हळू आवाजातला स्वर येतो, आणि ‘खरा’ ‘करा’कडे झुकतो.

घ, झ, ढ, ध, भ यांचं आणखी कठीण. त्यांच्यात घसा कंप पावतोच आणि त्याच वेळी हवाही निसटते, ती पुढच्या स्वरातही मिसळते. म्हणजे गुणगुण आणि फुसफुस एकाच वेळी. डडलीचा ‘हे किंवा ते’ असा खटकासुद्धा इथे अपुरा पडला असता. असे मिश्र ध्वनी इंग्रजीतही आहेत, झेड किंवा व्ही. पण ‘ब’ आणि ‘भ’ असा भेद इंग्रजीत नाही. त्यामुळे इंग्रजी कानाला समाधानकारक वाटणारी मांडणी मराठी कानाला पुरेलच असं नाही. त्यात आपल्याकडे ‘म्ह’ आणि ‘न्ह’ही आहेत. रोबोट गोष्ट सांगायला लागला की ‘तो म्हणाला’चं ‘तो मनाला’ होतं, आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

मांडणी मराठीसाठी

उदाहरणाला कॉर्गचा मायक्रोकॉर्ग घेते. 2002 पासूनचं यंत्र, 37 बारीक पट्ट्या, सोबत वाकणाऱ्या मानेचा माइक आणि 8 पट्ट्यांचा व्होकोडर. (की-बोर्डची पट्टी आणि व्होकोडरचा पट्टा, दोन्हींना शब्द जवळपास एकच. पुढे की-बोर्डसाठी ‘सूर’ म्हणते.) तुमच्याकडे दुसरं यंत्र असेल तर नॉबची नावं बदलतील, तत्त्व तेच.

आधी कॅरियर. सॉटूथ लहर घ्या. तिच्यात मूळ सुराच्या सगळ्या पटीतले स्वर असतात, स्क्वेअरमध्ये फक्त विषम पटीतले. व्होकोडर रिकाम्या पट्ट्यात काही भरू शकत नाही, म्हणून कॅरियर भरगच्च लागतो. याच कारणानं सूर खालचा दाबा. 110 हर्ट्झचा सूर असेल तर दर 110 हर्ट्झला एक स्वर मिळतो. 440 चा असेल तर दर 440 ला, आणि ‘इ’ आणि ‘ए’ यांना वेगळं करणाऱ्या खालच्या पट्ट्यात कदाचित एकही नाही. लहान मुलाचा रोबोट म्हणून उंच सूर दाबायचा मोह होतो. तिथेच स्वर कोसळतात.

मग नॉइज. तयार प्रोग्राममध्ये ती पुष्कळदा शून्य किंवा नगण्य असते. मायक्रोकॉर्गच्या व्होकोडरमध्ये कॅरियरच्या मिक्सरवर ऑसिलेटरशेजारीच नॉइजची पातळी आहे. एकजण माइकवर ‘भाऊ, बाऊ, भाऊ, बाऊ’ म्हणत राहू दे, दुसऱ्यानं नॉइज हळूहळू वाढवायची. एका जागी दोघं वेगळे होतात. आणखी वाढवलीत तर ‘आ’सुद्धा कुजबुजायला लागतो, तिथून थोडं मागे या. गुणगुण आणि फुसफुस एकत्र हवी होती, ती अशी मिळते. हा उपाय कामचलाऊ आहे, कारण नॉइज सगळ्याच ध्वनींत मिसळते. पण माझ्या कानाला भ आणि घ यांच्यासाठी एवढा उपयोगी दुसरा नॉब त्या यंत्रावर नाही.

तिसरं, एचपीएफ लेव्हल. माइकमधल्या मूळ आवाजाचा फक्त वरचा, सळसळता भाग या वाटेनं थेट बाहेर जातो. स, श, च हे इथून वाचतात. मराठीत ‘चार’ मधला तालव्य च आणि ‘चारा’ मधला दंत्य च वेगळे आहेत आणि त्यांच्यातला फरक याच वरच्या भागात असतो. पातळी फार वाढवली तर खोक्याच्या आतलं पोरगं डोकावायला लागतं. तेवढं सांभाळायचं.

चौथं, ई.एफ. सेन्स, म्हणजे पट्ट्यांतला जोर किती चपळपणे मोजायचा. तो कमी ठेवा. जास्त केला की आवाज मागे रेंगाळतो, टोकाला नेला की तोंडाचा आकार जागच्या जागी गोठतो. ऐकायला ते झकास वाटतं, पण ‘ळ’ म्हणताना जीभ क्षणभरच टाळूला लागून खाली येते. मोजणारा आळशी असेल तर तो क्षण हुकतो. रेझोनन्स वाढवण्याचा आणि फॉर्मंट शिफ्ट फिरवण्याचा मोह सगळे शब्द स्पष्ट झाल्यावरच करा. आणि रिव्हर्ब बंद. शाळेच्या सभागृहात तो आधीच भरपूर असतो.

शेवटी बोलणारा. रोबोटचं काम मिळालेला मुलगा माइकसमोर एका सुरात, तोडून, दबक्या आवाजात बोलतो. याचा उपयोग शून्य, कारण त्याचा सूर व्होकोडर फेकूनच देणार आहे. नुकसान मात्र होतं: दबकं बोलताना श्वास आटतो, आणि महाप्राण माइकपर्यंतही पोचत नाही. त्याला सांगा, रोबोट यंत्र करेल, तू आजीशी बोलतोस तसं बोल. ख, घ, भ जरा जोरात सोड. स्टेजवरच्या स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये जाणार नाही अशी जागा त्याला द्या. नाहीतर यंत्र स्वतःच्याच बोलण्याची नोंद घेत बसतं.

कोणाची मराठी?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. तुम्ही म्हणता ळ वाचवा, ण वाचवा. पण आमच्या भागात आगरी बोलणारी माणसं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, आणि तहान लागली की बरोब्बर पाणीच मिळतं. मग रोबोटनं ‘पानी’ म्हटलं तर बिघडलं काय?

काही बिघडलं नाही. उलट या प्रश्नानं काम सोपं होतं. 8 पट्ट्यांत सगळंच वाचणार नाही, म्हणून काय आधी वाचवायचं हे ठरवावं लागतं. ण आणि न, ळ आणि ल यांतला फरक मुख्यतः 2 ते 3 हजार हर्ट्झच्या आसपासच्या हालचालीत असतो, आणि एवढ्या कमी पट्ट्यांत ती हालचाल एक-दोन पट्ट्यांतच दडपून जाते. तिथे नॉब फिरवून फारसं काही हाती लागत नाही. ण-न एक झाले तरी चालणारे कानही प्रेक्षकांत बसलेले असतात. पण करा-खरा, बाऊ-भाऊ हा भेद प्रेक्षकांतल्या जवळपास सगळ्यांना लागतो, आणि तो नॉइज, एचपीएफ आणि श्वास यांनी बराच वाचवता येतो. म्हणून माझा क्रम असा: आधी महाप्राण, मग स-श-च, मग ळ आणि ण. पुस्तकी शुद्धतेनं कदाचित वेगळा क्रम लावला असता. मी तो समोर बसणाऱ्या माणसांवरून लावते.

नाटिकेपलीकडे

एवढा खल एका रोबोटसाठी कशाला? कारण हीच पेटी दुसरीकडेही वापरतात आणि तिथे पणाला काय लागतं ते मोठं आहे.

कॉक्लियर इम्प्लांट हे यंत्रही आवाज पट्ट्यांत चिरतं, प्रत्येक पट्ट्याचा जोर मोजतं आणि तो आतल्या कानातल्या इलेक्ट्रोडवरून थेट श्रवणनसेला देतं. इलेक्ट्रोड कंपनीनुसार 12 ते 22. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून आपल्याकडच्या लहान मुलांनाही ते मिळतं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या क्षेत्रातलं महत्त्वाचं ठिकाण. इम्प्लांटमधून किती भाषा पोचते याचा अंदाज बांधायला संशोधक ऐकू येणाऱ्या माणसांना व्होकोडरमधला आवाज ऐकवतात. 1995 मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की अवघ्या तीन-चार पट्ट्यांतून, सरावानंतर, श्रोत्यांना बोलणं बहुतांशी कळतं. हा निष्कर्ष भक्कम आहे आणि माझं काम त्याच्याच खांद्यावर उभं आहे.

पण तो इंग्रजीवरचा आहे. ‘चार पट्टे पुरतात’ हे वाक्य तिथून उचलून मराठीला चिकटवणं मला मान्य नाही. त्या प्रयोगात घोष-अघोष हा भेद थोड्या पट्ट्यांतही टिकला. ध्वनी तोंडात कुठे तयार होतो हे कळायला मात्र पट्टे जास्त लागले. मराठीत त, ट, दोन च, शिवाय प्रत्येक जागी चार व्यंजनं. इथे तपासायचा प्रश्नच जास्त दाट आहे.

आणखी एक. प्रयोगशाळेतला व्होकोडर बहुधा कॅरियर म्हणून निव्वळ नॉइज वापरतो, म्हणून तिथे सगळं बोलणं कुजबुजीत येतं. स्टेजवरचा व्होकोडर सगळं गुणगुणीत आणतो. एक घशाचा कंप पुसतो, दुसरा श्वास पुसतो. ‘भ’ला दोन्ही लागतात, म्हणून ‘भ’ दोन्हीकडे अडचणीत येतो.

आईवडिलांना असा नमुना ऐकवून “तुमचं मूल असं ऐकेल” असं सांगितलं जातं, तेव्हा मला सर्वांत जास्त खटकतं. अमेरिकेत मायकेल डॉर्मन यांच्या गटानं अशा माणसांबरोबर काम केलं आहे ज्यांच्या एका कानात इम्प्लांट आहे आणि दुसऱ्या कानानं नीट ऐकू येतं. म्हणजे ‘इम्प्लांटमधला आवाज असा का?’ हे ती माणसं दुसऱ्या कानानं पडताळून सांगू शकतात. त्यांच्याशी जुळलेले आवाज पुष्कळदा रोबोटसारखे नव्हतेच, दबलेल्या माणसासारखे होते. व्होकोडरनं माहिती किती गळते हे मोजता येतं. ती गळती त्या मुलाला कशी वाटते, हे त्यातून दिसत नाही. खोपोलीच्या किंवा चौकच्या एखाद्या आईनं तो खरखरीत इंग्रजी नमुना ऐकून आपल्या मुलाबद्दल काही ठरवावं, हे योग्य नाही. तिला ऐकवायचंच असेल तर मराठी ऐकवा, आणि हा अंदाज आहे, अनुभव नव्हे, हे स्पष्ट सांगा.

एक तपासयादी, तिकीट न काढता

मराठीसाठी घरच्या घरी तपासायला चांगली यादी आपल्या रुळांवरच पडली आहे. बदलापूरपासून खोपोलीपर्यंतची स्टेशनं व्होकोडरमधून म्हणा: वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. त्यात ण आहे, श आहे, ळ तीनदा आहे, भ आहे, ख आहे. केळवली आणि डोलवली ही शेजारची जोडी तर ळ-ल यांची परीक्षाच घेते. दंत्य च साठी चौक जोडा.

एक अट. ऐकणाऱ्याला क्रमानं ऐकवू नका. इथल्या माणसाला नेरळनंतर काय येतं हे झोपेतही माहीत असतं, कान बंद असले तरी तो भिवपुरी सांगेल. नावं चिठ्ठ्यांवर लिहा, उलटसुलट काढा, आणि ऐकणाऱ्यानं पाठ करून बसायचं. जिथे तो अडेल त्या ध्वनीचा नॉब वर दिला आहे. गॅदरिंगच्या आधी अर्धा तास एवढं केलंत, तर तुमचा रोबोट रोबोटच राहील आणि शेवटच्या रांगेतल्या आजीलाही तो भाऊ म्हणाला की बाऊ, ते कळेल.